पुडा उलटा करा

भाईंदर पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडलं की दोन गोष्टींची टंचाई नाही: फरसाणाची दुकानं आणि स्पोकन इंग्लिशचे फलक. विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर, जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी बोलायला लावायची हमी देत असतो. आणि तुम्ही मंडळी, शाळेच्या फाटकाशी किंवा भाजी घेताना, मला हमखास एकच प्रश्न विचारता. "मार्क बरे पडतात हो, पण बोलत नाही. घरी काय करायचं?"

घरी इमारतीखालच्या दुकानातून सामान येतं ना? त्या पिशवीत इंग्रजी आलेली असते. दुधाची पिशवी, मिठाचा पुडा, चहापत्ती, बिस्किटं, नूडल्स, पापड, सॉसची बाटली. एवढ्या सामानावर एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या धड्यात मावणार नाही इतकी रोजच्या वापरातली इंग्रजी छापलेली असते, आणि तिचे पैसे तुम्ही मोजलेले असतात. आपण तो पुडा कात्रीने कापतो, डब्यात रिकामा करतो आणि कचऱ्यात टाकतो.

तुमच्यातल्या पुष्कळांचा इंग्रजीशी संबंध पाचवीत आला. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेत पाऊल ठेवलेल्या पिढीने एबीसीडी गिरवली तेव्हा मिशीची लव फुटायची वेळ जवळ आलेली असे. त्यामुळे इंग्रजी म्हणजे वर्गात उभं राहून चुकण्याची भीती, हे अनेकांच्या अंगात मुरलेलं आहे. मुलांसमोर इंग्रजी वाचायची वेळ आली की बाबांना एकदम फोन येतो आणि आईला कुकरची शिट्टी ऐकू येते. मी हे चेष्टेने म्हणत नाही. पण आज जे सांगणार आहे त्यासाठी तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही. तुम्हाला विचारता आलं पाहिजे, बस.

आधी एक गैरसमज दूर करते. तुम्ही म्हणाल, "आमचा छोटा तर आत्ताच सगळी पाकिटं वाचतो. दुकानात बोट दाखवून नाव सांगतो." तो वाचत नाही, ओळखतो. अमेरिकेत १९८४ साली मेसनहायमर, ड्रम आणि एरी या तीन संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक मजेशीर प्रयोग केला होता. मुलांना घरादारात, रस्त्यावर दिसणारी बोधचिन्हं त्यांनी दाखवली. मुलांनी ती धडाधड ओळखली. मग पेप्सीच्या नावातलं पहिलं अक्षर बदलून तिथे एक्स टाकला. रंग तोच, आकार तोच, नाव मात्र 'झेप्सी'. बहुतेक मुलांच्या ते लक्षातच आलं नाही, त्यांनी पेप्सीच म्हटलं. आपल्याकडे लाल-पिवळं पाकीट पाहून नूडल्सचं नाव ठोकणारं पोरही तेच करत असतं. रंगाची ओळख आपोआप अक्षरांत उतरत नाही. कुणीतरी शेजारी बसून "यातलं पहिलं अक्षर कुठलं रे? तुझ्या नावात आहे का ते?" असं विचारावं लागतं. ते काम तुमचं. त्याला इंग्रजी शाळेची फी लागत नाही.

आता पुडा हातात घ्या आणि उलटा करा.

पुढची बाजू विक्रेत्याची असते. तिथे मोठ्या टायपात कुरकुरीत, चटपटीत, रिअल, फ्रेश, न्यू, एक्स्ट्रा असले शब्द नाचत असतात. ते मुलांना तुम्ही शिकवायची गरजच नाही, टीव्ही आणि मोबाइल ते काम इमानेइतबारे करतात. मागची बाजू कायद्याची. २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर काय काय लिहायचं हे ठरलेलं आहे, आणि ते इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लिहायचं असंही. मराठी चालते, पण तिची सक्ती नाही. म्हणजे ज्या आजीने चाळीस वर्षं घराचं किराणा सामान भरलं, तिला हातातल्या पुड्याची मुदत संपली का हे कुणाला तरी विचारावं लागतं. माझ्या मते हा अन्यायच आहे, आणि त्यावर वेगळं बोलता येईल. पण तो आहे तोवर त्याचा एक उपयोग करून घेऊ: घरात वाचणाऱ्याची गरज आहे. नातवाला ते काम द्या.

रोज नव्हे. सामान आलं की एकदा. आजी खुर्चीवर, नातू जमिनीवर पिशवी घेऊन. "बघ रे, कधीपर्यंत चालेल?" मग तो एक्सपायरी शोधतो, कधी बेस्ट बिफोर शोधतो, आणि दोन्हींत फरक आहे हे त्याला कळायला लागतं. एक्सपायरीची तारीख उलटली तर वस्तू खायची नाही. बेस्ट बिफोर म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील एवढंच उत्पादक सांगतोय. मग घटक. इन्ग्रेडिएंट्स हा शब्द पहिल्यांदा वाचताना जीभ तीन ठिकाणी अडखळते, अडखळू द्या. त्याखालची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. हे एकदा मुलाला सांगितलं की तो ती यादी गुप्तहेरासारखी वाचतो. बिस्किटात आधी मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि ज्या बदामाचं चित्र पुढे मोठं छापलंय तो बदाम कुठेतरी तळाशी, एखाद्या टक्क्याच्या आसपास. या शोधाचा आनंद मोठा असतो. त्या नादात रिफाइन्ड, फ्लोअर, एडिबल, व्हेजिटेबल, रेझिंग एजंट हे शब्द कधी येऊन बसतात ते त्यालाही कळत नाही.

अशा वाचनात गंमतीही होतात. यादीखाली ठळक अक्षरांत 'कंटेन्स व्हीट, मिल्क, सोय' असं असतं. ते मोठ्याने वाचलं की एखादी आजी दचकून विचारणारच, "बिस्किटात वीट घालतात?" हसून घ्या, पण मग आजीला नीट समजावून सांगायची जबाबदारी नातवावर टाका. कुणाला दुधाची, कुणाला गव्हाची, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते, म्हणून ते वेगळं लिहितात, हे दुसऱ्याला समजावताना तो शब्द जितका पक्का होतो तितका दहा वेळा लिहून होत नाही.

भाईंदर पश्चिमेच्या मुलांना या वाचनाचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. आपल्या इमारतींमध्ये मराठी घराशेजारी गुजराती, मारवाडी, जैन घर असतंच. मुलं एकमेकांच्या वाढदिवसाला जातात. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, हे सगळ्यांना पाठ असतं. मांसाहाराचं चिन्ह पूर्वी तपकिरी ठिपक्याचं होतं, आता तपकिरी त्रिकोण आहे, रंगांधळ्या माणसालाही आकारावरून कळावं म्हणून. अंडं असलेल्या केकवर तोच त्रिकोण येतो. पण जैन मित्राचं काम हिरव्या ठिपक्याने भागत नाही. वेफर्सवर हिरवा ठिपका असतो आणि आत मसाल्यात कांद्याची पावडर, लसणाची पावडर असते. ते फक्त यादी वाचून कळतं. जो मुलगा पार्टीत पाकीट उलटं करून मित्राला "थांब, यात गार्लिक आहे" असं सांगतो, त्याला इंग्रजी येते की नाही याची चिंता मी करणार नाही.

दुधाच्या पिशवीकडे येऊ, कारण ती रोज सकाळी येते आणि तिच्यावर आपल्याच रेल्वे लाइनवरची एक गोष्ट लिहिलेली आहे. 'टोन्ड मिल्क' हे शब्द तुम्ही पाहता. मुलाला विचारा, दुधाला टोन कसला? म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर. त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी घालून तो कमी करायचा; दूध वाढतं, स्वस्त होतं आणि पौष्टिकही राहतं. ही कल्पना आणि टोन्ड हे नाव या दोन्हींचं श्रेय दारा खुरोडी यांना दिलं जातं. मुंबईला दूध पुरवण्याची व्यवस्था बसवणारे आणि गोरेगावची आरे दूध वसाहत उभी करणारे ते अधिकारी. मुंबईत १९४६ च्या सुमाराला असं दूध वाटायला सुरुवात झाली. पुढे १९६३ साली त्यांना, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर, मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चर्चगेटची लोकल पकडून गोरेगावात उतरणाऱ्या मुलाला हे ठाऊक असावं की रोजच्या पिशवीवरचा तो इंग्रजी शब्द साहेबाच्या देशातून आलेला नाही, इथे रुजलेला आहे. त्याच पिशवीवर फॅट ३ टक्के आणि एसएनएफ साडेआठ टक्के असं असतं. एसएनएफ म्हणजे सॉलिड्स नॉट फॅट, स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ. आणि पाश्चराइज्ड या शब्दात लुई पाश्चर नावाचा फ्रेंच माणूस दडलेला आहे, हे सांगितलं की तो शब्द पुन्हा चुकत नाही.

मिठाच्या पुड्याचंही तसंच. मुर्धा, राई, मोर्व्याच्या बाजूने उत्तनच्या बसने जाताना ज्यांनी मिठागरं पाहिली आहेत, त्या मुलांना मीठ कुठून येतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. मग पुड्यावर आयोडाइज्ड का लिहिलंय? कारण आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतो, बाळांच्या बुद्धीवर परिणाम होतो; म्हणून खाण्याच्या मिठात ते मिसळणं सक्तीचं आहे. फ्री फ्लो म्हणजे पावसाळ्यात गोळा न होता सुटसुटीत राहणारं. मिठागरात काम केलेले आजोबा घरात असतील तर मजाच. नातू पुडा वाचेल आणि आजोबा सांगतील की गोळा न होणारं मीठ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"हे सगळे नुसते शब्द झाले, बोलणं कुठे आलं?" असं कुणी विचारलं तर मी पुड्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवेन. तिथे पूर्ण वाक्यं असतात. टेअर हिअर. शेक वेल बिफोर यूज. स्टोअर इन अ कूल अँड ड्राय प्लेस. कीप रेफ्रिजरेटेड. डू नॉट अ‍ॅक्सेप्ट इफ सील इज ब्रोकन. ही सगळी आज्ञार्थी वाक्यं आहेत. कर्ता शोधायचा नाही, काळ बदलायचा नाही. सरळ क्रियापदाने सुरुवात. बोलू लागणाऱ्या मुलाला इंग्रजीतलं इतकं सोपं वाक्य दुसरं मिळणार नाही. आणि हुकूम सोडायला कोणत्या मुलाला आवडत नाही? सॉसची बाटली तुमच्या हातात द्या आणि त्याला हुकूम करू द्या: शेक वेल. ओपन. पोअर. स्टॉप. नूडल्सच्या पाकिटावरची कृती तर छोटा धडाच असतो: बॉइल, अ‍ॅड, स्टर, सर्व्ह. तो वाचणार, तुम्ही तंतोतंत तेवढंच करणार. तो स्टर म्हणायला विसरला तर ढवळू नका, तळाशी लागू द्या. गॅसजवळ मात्र मोठं माणूस उभं असलंच पाहिजे.

थोडी मोठी, दहाच्या पुढची मुलं असतील तर त्यांना दुकानातल्या फ्रीजपाशी न्या. तिथली इंग्रजी चलाख असते. दोन कप शेजारी, चित्रं सारखी. एकावर आइसक्रीम, दुसऱ्यावर बारीक अक्षरांत फ्रोझन डेझर्ट. आइसक्रीममधला स्निग्धांश दुधाचा असतो, फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालतं. फ्रोझन डेझर्ट वाईट असं मी म्हणत नाही, पण आपण काय घेतोय हे वाचून घ्यावं. फळांच्या पेयांचंही तेच. ज्यूस वेगळा, फ्रूट ड्रिंक वेगळं. अर्कात पाणी मिसळून पुन्हा बनवलेल्या रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' असं मिरवू नका, अशी तंबी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना दिली. त्याच्या दोन महिने आधी ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं गेलं होतं की दुधात घालायच्या भुकट्या आणि तत्सम पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. पालकांनो, किती वर्षं आपण तो डबा याच दोन शब्दांच्या भरवशावर घरी आणला? एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तर बारीक अक्षरांत स्पष्ट असतं की ते मुलांसाठी नाही. 'नॉट रेकमेंडेड फॉर चिल्ड्रन'. हे वाक्य तुम्ही वाचून दाखवाल तर उपदेश होईल. त्याने स्वतः शोधून वाचलं तर तो त्याचा शोध असेल, आणि तो चार मित्रांना सांगेल.

गणित त्याच्या मागोमाग येतंच. पोषणाचा तक्ता शंभर ग्रॅमचा असतो, पाकीट तीस ग्रॅमचं; मग आपण किती साखर खाल्ली? मोठ्या माणसासाठी दिवसाला वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम हे आकडे धरून टक्के काढलेले असतात. सातवीतल्या मुलाला एवढं पुरे. पाच रुपयांच्या पाकिटाची किंमत वर्षानुवर्षं पाचच राहते आणि नेट वेट हळूच खाली सरकतं, हे त्याला दाखवलं की अर्थशास्त्रही झालं.

या निमित्ताने पाकिटांची खरेदी मात्र वाढवू नका. "मॅडमनी सांगितलंय, इंग्रजीसाठी चिप्स हवेत" असा निरोप एखाद्या दिवशी माझ्या नावावर तुमच्यापर्यंत येईल याची मला खात्री आहे. जे घरात येतं तेच वाचायचं. मीठ, तेल, दूध, साखर, पोहे. आणि परीक्षा घेऊ नका. तीन शब्द विचारून चौथा चुकला की "एवढी फी भरतो आम्ही" हे वाक्य ज्या घरात येतं, तिथे मूल पुड्याकडेही बघत नाही. उच्चाराचं फार मनावर घेऊ नका. बिस्किटाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला यू कशाला आहे हे इंग्रजांच्या पोरांनाही सुरुवातीला कळत नाही.

पुड्यावरची इंग्रजी वाचायची म्हणून घरात इंग्रजी बोलायला लागू नका, हेही सांगून टाकते. जेवणाची भाषा जी आहे ती राहू द्या. चवीचे शब्द पाकिटावर फार थोडे असतात. क्रंची, क्रिस्पी, टँगी, स्पायसी यांवर दुकान चालतं. आपल्याकडे चकली कुरकुरीत असते, करंजी खुसखुशीत असते, भाजलेलं खोबरं खमंग असतं, ठेचा झणझणीत, आवळा तुरट. क्रिस्पी शिकलेल्या मुलाला हे शब्द येत नसतील तर त्याची कमाई कमीच झाली. एखाद्या रविवारी उत्तनच्या बाजारात घेऊन जा. तिथल्या टोपल्यांवर लेबल नाही, तारीख नाही, घटकांची यादी नाही. सुकट ताजी की जुनी हे हाताने आणि नाकाने कळतं, आणि वाकटी, करंदी, जवळा, बोंबील, मांदेली ही नावं कोळणीच्या तोंडून ऐकूनच शिकायची. भाव करताना ती जे बोलते ते मराठी तर कुठल्याच क्लासात मिळणार नाही. मुलाला म्हणा, आता तू मला याचं लेबल तयार करून दे. नाव, वजन, भाव, कुठे पकडलं, किती दिवस टिकेल. एका बाजूला मराठीत, एका बाजूला इंग्रजीत. शेवटच्या प्रश्नासाठी त्याला कोळणीलाच विचारावं लागेल.

राहिली एक अडचण, ती आधीच सांगून ठेवते. मूल वाचायला लागलं की ते तुमच्या सोयीपुरतं वाचत नाही. तुमच्या कॉफीच्या पुडीत चिकोरी किती टक्के आहे ते सांगेल. तुम्ही "घरचंच आहे" म्हणून पाहुण्यांना वाढलेल्या लोणच्याची बरणी उलटी करून कारखान्याचा पत्ता वाचेल, पाहुण्यांसमोरच. आणि बाबांच्या खिशातलं पाकीट कधीतरी त्याच्या हाती लागेल. तंबाखूच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्र आणि इशारा असतो, त्यामुळे अक्षरं चांगली मोठी असतात, अडखळायला होत नाही. 'टोबॅको कॉझेस पेनफुल डेथ' असं ते वाचेल, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, तुम्हीच शिकवलं तसं. मग पेनफुल म्हणजे काय असं विचारेल. त्याचं उत्तर मात्र बाबांनीच द्यायचं आहे, आईकडे ढकलू नका.